कोवळा लेफ्टनंट घडवताना : पलटण हाती घेणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात वानवडीतल्या माझ्या घरी एक जुना सहकारी आला. तो माझ्या हाताखाली कॅप्टन होता. आता कर्नल झालाय आणि थोड्याच दिवसांत पलटण, म्हणजे अख्खी बटालियन, हातात घेणार आहे. चहा झाल्यावर म्हणाला, "सर, ऑपरेशनचं, ट्रेनिंगचं मला कळतं. पण पलटणीत पाच यंग ऑफिसर असणार आहेत. त्यांचं मी नेमकं काय करायचं?" दोन तास बोललो तरी सगळं सांगून झालं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मी पायदळातला, त्यामुळे उदाहरणं पायदळाची आहेत. सॅपर (सैन्यातले इंजिनिअर), सिग्नल किंवा तोफखान्यातल्यांनी आपापल्या युनिटप्रमाणे बदल करून घ्यावा.

हे काम पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही, एवढं आधी मनात पक्कं करा. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल खडकवासल्याच्या एनडीएतून पुढे गेले आणि जून १९७१ मध्ये पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये दाखल झाले. नगरला त्यांचा यंग ऑफिसर्स कोर्स चालू असतानाच युद्ध पेटलं आणि त्यांना रेजिमेंटला परत बोलावलं. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. कमिशनपासून त्या दिवसापर्यंत जेमतेम सहा महिने. तुमच्याकडे आलेल्या मुलालाही कदाचित एवढेच महिने मिळतील, असं धरूनच त्याला शिकवायला लागा.

तो येण्याआधी

पोस्टिंगची ऑर्डर आली की त्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहा आणि एकदा त्याच्या आईवडिलांशी फोनवर बोला. पुण्यात पोस्टिंग असेल तर स्टेशनवर घ्यायला पलटणीतलाच एखादा कॅप्टन जाऊ दे. नुसती गाडी पाठवून भागवू नका.

मग त्याला प्लाटून द्यायची. ती कुठली द्यायची हे ठरवताना बहुतेक सीओ, म्हणजे पलटणीचे कमांडर, रिकामी जागा बघतात. तुम्ही आधी सुभेदार बघा. छत्तीस माणसांची प्लाटून लेफ्टनंटच्या हातात देताना शेजारी वीस-बावीस वर्षं नोकरी झालेला, समजूतदार, गरज पडली तर स्पष्ट बोलणारा जेसीओ (जवानांतून वर आलेला ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे सुभेदार) हवा. तो जेसीओ ठरला की पलटणीतले सगळ्यांत वरिष्ठ जेसीओ, म्हणजे सुभेदार मेजर साहेब, यांच्यासमोर त्याला बोलावून घ्या आणि सांगा : साहेब, हा मुलगा तुमच्याकडे शिकायला देतोय. चार माणसांत त्याला टोकू नका, एकट्याला गाठून सांगा. आणि त्याच्या वाटचा हुकूम तुम्ही देऊ नका. शेवटची सूचना पाळणं सगळ्यांत कठीण असतं. चांगल्या जेसीओला काम अडलेलं बघवत नाही, तो पुढे होऊन उरकून टाकतो, आणि लेफ्टनंट शेजारी उभा राहतो.

कंपनी कमांडरला, म्हणजे त्या मेजरलाही, याच वेळी विश्वासात घ्या. लेफ्टनंट रोज त्याच्या नजरेखाली असतो, तुमच्या नाही. तुम्ही मेजरला वगळून थेट लेफ्टनंटला कामं सांगायला लागलात तर त्या दोघांमधलं नातं तुम्हीच मोडाल. मी सुरुवातीला दोनदा असं केलं. एका मेजरने हळूच येऊन सांगितलं, "सर, त्याला काम सांगितलंत ते मला त्याच्याकडून कळलं." तेव्हापासून बंद केलं.

पहिले चार आठवडे : बराक

नव्या अधिकाऱ्याने जवानांसोबत राहायचं ही पायदळातल्या बऱ्याच पलटणींची जुनी रीत आहे. काही ठिकाणी ती दोन रात्री झोपून फोटो काढण्यापुरती उरली आहे. पूर्ण चार आठवडे ठेवा. बराकीत चारपाई, जवानांबरोबर पीटी, लंगरच्या रांगेत ताट, रविवारी मंदिर परेड, रात्री त्यांच्याबरोबर संत्री ड्यूटी. मेसमध्ये फक्त आठवड्यातून एकदा जेवायला.

या काळात त्याला एकच काम द्यायचं. प्लाटूनमधल्या प्रत्येक जवानाचं नाव, गाव, घरी कोण कोण आहे, शेत किती, कर्ज आहे का, मुलं कुठल्या इयत्तेत, हत्यार कसं चालवतो, कशात कच्चा आहे. हे वहीत उतरवायचं नाही, माणसाशी बोलून लक्षात ठेवायचं. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तुम्ही त्याच्याबरोबर लाइनमधून फिरायला जा. समोर येणाऱ्या जवानाबद्दल त्याला काय ठाऊक आहे ते ऐका. माझ्याकडच्या एका लेफ्टनंटने सांगितलं होतं, "सर, याच्या घराचं छप्पर मागच्या पावसात गेलं. यंदा मेच्या आत सुट्टी मिळाली नाही तर बायको-मुलं पुन्हा पाण्यात." आमच्या सुट्टीच्या यादीत त्या जवानाचं नाव ऑगस्टमध्ये होतं. त्या दिवशी मला कळलं की हा मुलगा आता प्लाटून सांभाळेल.

बराकीतले दिवस वाया जातात असं कुणी म्हणालं तर त्याला खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधल्या रामा राघोबा राणे यांची हकीकत सांगा. राणे १९४० मध्ये साधे सैनिक म्हणून भरती झाले, पायरी पायरीने वर चढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. स्वतः जखमी असताना, शत्रूचा मारा चालू असताना, ते तीन-चार दिवस त्या कामाला भिडले होते. परमवीरचक्र हयातीत मिळवणाऱ्या मोजक्या वीरांपैकी ते एक. अधिकारी म्हणून चार महिने, पण जवानांत त्याआधी सात वर्षं काढलेली. आपल्या लेफ्टनंटला सात वर्षं देता येत नाहीत. चार आठवडे तरी पूर्ण द्या.

काम द्या आणि परत घेऊ नका

या लेखात बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हा भाग वाचा.

राजस्थानात आमचा मोठा सराव चालू होता. रात्रीची वाटचाल. वाळवंटात ना झाड, ना डोंगर, सगळा भरवसा कंपासवर. एका लेफ्टनंटला पहाटे तीनपर्यंत प्लाटून ठरलेल्या जागी पोहोचवायची होती. दोनच्या सुमारास त्याच्या संदेशांवरून मला नकाशावर दिसलं की तो डावीकडे भरकटलाय. मी वायरलेस सेट उचलला आणि त्याला बेअरिंग, म्हणजे कंपासवरची दिशा, दिलं. तो वेळेवर पोहोचला. वरिष्ठ खूश झाले, मीही झालो.

दोन रात्रींनी पुन्हा तसंच काम होतं. या वेळी जरा शंका आली तशी त्याने प्लाटून थांबवली आणि सेटवर मला हाक मारली. पुढे दर वीस मिनिटांनी हाक. सकाळी सुभेदार मेजर साहेब माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, परवा त्याला वाट सापडली असती. अर्धा तास उशिरा सापडली असती. आता तो वाट शोधतच नाही, तुमचा आवाज शोधतो."

त्या वाक्याने मी माझी पद्धत बदलली. नंतर जी ठेवली ती अशी :

काम देताना त्याला तीनच गोष्टी सांगायच्या : काय साधायचं, कधीपर्यंत, आणि कुठली मर्यादा ओलांडायची नाही. कसं करायचं ते त्याने येऊन तुम्हाला सांगायचं. त्याची योजना तुमच्यापेक्षा कमी बरी असेल, पण चालण्यासारखी असेल, तर तीच चालू द्या. बदल सुचवून सुचवून ती तुमची योजना झाली की फसल्यावर तो मनातल्या मनात तुमच्याकडे बोट दाखवेल, आणि त्याचं चुकतही नसेल.

सराव चालू असताना सेट सीओच्या मदतनीस अधिकाऱ्याच्या, म्हणजे अ‍ॅडज्युटंटच्या हातात द्यायचा. बोलण्याची ऊर्मी आली की कागदावर वेळ टाकून लिहायचं : "०२:१०, मी असतो तर उजवीकडे वळवलं असतं." दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन त्या मुलाबरोबर बसायचं आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते विचारायचं. बऱ्याचदा असं निघालं की त्याला जमिनीवर दिसत होतं ते मला तंबूत दिसत नव्हतं, आणि बरोबर तोच होता. असे कागद माझ्याकडे पुष्कळ साठले होते.

उशीर झाला, घोळ झाला, तर वर उत्तर तुम्ही द्यायचं. "माझ्या लेफ्टनंटचं चुकलं" हे वाक्य ब्रिगेड कमांडरसमोर उच्चारू नका. तुमची पाठ त्याच्यामागे आहे हे पलटणीत एका दिवसात पसरतं, आणि नाही हे त्याहून लवकर पसरतं.

मात्र काही ठिकाणी हात अजिबात सैल सोडायचा नाही. फायरिंग रेंज, स्फोटकं, सुरुंग, पाण्यातलं काम, आणि उंचावरचं हवामान. नऊ हजार फुटांवर सहा दिवस, बारा हजारांवर चार, पंधरा हजारांवर आणखी चार. अ‍ॅक्लमटायझेशनचे, म्हणजे शरीराला उंचीची सवय करून देण्याचे, हे टप्पे एखाद्या उत्साही लेफ्टनंटने एक दिवसानेही कापले तर जवान फुप्फुसात पाणी होऊन मरू शकतो. इथे आधी तपासा, मधे तपासा, शंका आली तर थांबवा. आणि हा फरक त्याला पहिल्याच आठवड्यात स्वच्छ सांगा : कुठे चूक करायला मोकळीक आहे आणि कुठे नाही.

बोलायला आणि विचार करायला शिकवणं

आजकालची मुलं इंग्रजीत विचार करतात. योजना इंग्रजीत सुरेख मांडतात, आणि जवानांसमोर तेच हिंदीत किंवा पलटणीच्या भाषेत सांगताना अडखळतात. माझ्याकडचे बरेच जवान सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे होते. पंजाबातून, केरळातून आलेल्या अधिकाऱ्यांना मी सहा महिन्यांत मराठी बोलायला लावायचो. शिक्षक अर्थातच जवान. सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत केलेल्या जमिनीच्या प्रतिकृतीवर, ऑर्डर द्यायची ती सेक्शन कमांडरांना, त्यांच्या भाषेत, आणि नंतर एका शिपायाला विचारायचं की तू काय समजलास. शिपायाने बरोबर सांगितलं तरच ऑर्डर पास. लेफ्टनंटला यातून जे कळतं ते कुठल्याही वर्गात कळत नाही.

ट्यूट, म्हणजे सैन्याशिवाय जमिनीवर नेऊन घेतलेला डावपेचांचा सराव, पुण्यात घ्यायचा तर सिंहगडासारखी जागा नाही. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, म्हणून मंगळवार-बुधवार बघा. पहाटे आतकरवाडीतून पायी चढा. प्रश्न आठवडाभर आधी द्या. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी हा गड कसा घेतला हे मराठी घरातल्या पोरासोरांना माहीत असतं, पण अधिकाऱ्याने ते वेगळ्या डोळ्यांनी बघायचं. कडा का निवडला? पहाऱ्याची माहिती कुठून मिळाली असेल? कमी माणसं घेऊन चढताना राखीव तुकडी कुठे ठेवली? कड्यावर उभं राहून खाली बघा आणि मग कल्याण दरवाजाकडे चालत जा, अंतराचा अंदाज पायांना येतो. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा : नेता पडला, माणसं मागे फिरू लागली, तेव्हा सूर्याजीने परतीचे दोर कापले असं परंपरा सांगते. तुमच्या प्लाटूनमध्ये तुम्ही पडलात तर पुढचा कोण, आणि हे त्याला आज माहीत आहे का? हा प्रश्न मी विचारला तेव्हा पाचांपैकी तिघे गप्प बसले होते. परत आल्यावर त्याच संध्याकाळी तिघांनीही आपापल्या हवालदारांना बोलावलं.

चर्चेत सगळ्यांत धाकट्याने आधी बोलायचं, मेजरने शेवटी, सीओने त्याच्याही नंतर. मेजर आधी बोलला की लेफ्टनंट फक्त मान डोलवतात. नंतर गडावर पिठलं-भाकरी खाताना जी चर्चा होते ती पुष्कळदा औपचारिक चर्चेपेक्षा मोकळी असते, म्हणून परतायची घाई करू नका.

पुण्यात असण्याचे आणखी फायदे आहेत आणि सीओ ते वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं. दापोडीचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, खडकीचे सॅपर्स, आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंग, औंधचं तळ जिथे परदेशी सैन्यांबरोबरचे संयुक्त सराव होतात. एक पत्र, एक फोन, आणि तुमचे लेफ्टनंट दिवसभर दुसऱ्यांचं काम बघून येतात. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटण्याआधी धरणावर वाळूची पोती रचायला जवानच उभे होते. मुलकी प्रशासनाच्या मदतीला जायचं म्हणजे काय, कलेक्टर कचेरीत कुणाशी कसं बोलायचं, हे शिकवायला तो प्रसंग घ्या आणि मुलांना पानशेतला घेऊन जा.

कागद आणि साठा

थोडक्यात सांगतो. पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक लेफ्टनंटने एक कोर्ट ऑफ इन्क्वायरी (खात्यांतर्गत चौकशी), एक वार्षिक साठा मोजणी, काही महिने एमटी (गाड्यांचं खातं) किंवा क्वार्टरमास्टरचं (साठा आणि पुरवठ्याचं) काम केलेलं असावं. सहीपूर्वी मोजायचं, मोजल्याशिवाय सही नाही, ही सवय इथेच लागते. त्याने लिहिलेली पत्रं तुम्ही दुरुस्त करून पुढे पाठवू नका. खूण करून परत द्या, त्यालाच लिहू द्या.

वही आणि एसीआर

एक साधी वही घ्या. प्रत्येक अधिकाऱ्यासाठी काही पानं. शनिवारी वीस मिनिटं बसून आठवड्यात जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. "आळशी" असं लिहायचं नाही. "मंगळवारी पीटीला सहा मिनिटं उशीर, महिन्यात तिसऱ्यांदा" असं लिहायचं. "धाडसी" नाही, "पुरात दोरी घेऊन पहिला उतरला" असं. विशेषणं लिहिली की सहा महिन्यांनी ती का लिहिली ते आठवत नाही आणि माणसावर शिक्का बसतो.

दर तीन महिन्यांनी प्रत्येकाबरोबर एकट्याने तासभर चाला. ऑफिसात नको, टेबल मधे आलं की मुलं सलाम ठोकून "येस सर" एवढंच बोलतात. आधी त्याला बोलू द्या, मग वहीतल्या दोन चांगल्या गोष्टी सांगा, आणि सुधारायची एकच. पाच सांगितल्यात तर एकही सुधारत नाही. एसीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल, लिहिणारे पहिले तुम्ही असता, म्हणून त्यात लिहिलेलं एकही वाक्य त्याला नवं वाटता कामा नये. वर्षभर पाठीवर थाप मारायची आणि कागदावर मध्यम लिहायचं, हा अन्याय मी होताना पाहिला आहे. त्याने चांगला अधिकारी कायमचा कडवट झाला.

मागे पडलेल्या मुलाबद्दल लगेच निकाल देऊ नका. माझ्याकडे एक फार बुजरा लेफ्टनंट होता. प्लाटूनसमोर त्याचा आवाज फुटायचा नाही. त्याला मी काही महिने इंटेलिजन्स ऑफिसरचं काम दिलं. नकाशे, माहिती जुळवणं, सीओला रोज ब्रीफिंग. रोज एका माणसासमोर बोलता बोलता तो दहा जणांसमोर बोलू लागला, मग प्लाटूनला परत गेला. पुढे घातक प्लाटूनसाठी, म्हणजे पलटणीच्या खास धाडसी तुकडीसाठी, त्याने स्वतःहून नाव दिलं.

कोर्स, परीक्षा आणि तुमचा स्वार्थ

पलटणीत अधिकारी नेहमीच कमी असतात, त्यामुळे सगळ्यांत कामाच्या मुलाला कोर्सवर सोडवत नाही. तरी सोडा. महूचा यंग ऑफिसर्स कोर्स, बेळगावचा कमांडो, पुढे ज्युनियर कमांड. तयारी करून पाठवा. जाण्याआधी महिनाभर संध्याकाळची ड्यूटी काढून घ्या. २ वर्षांनी कॅप्टन आणि ६ वर्षांनी मेजर ही बढती काळानुसार मिळते, पण पार्ट बी, पार्ट डी या परीक्षा द्याव्याच लागतात आणि वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजसाठी तर खूप अभ्यास लागतो. परीक्षेच्या वर्षी त्याच्या अभ्यासाचे तास मेजरला लेखी ऑर्डरमध्ये द्या. तोंडी दिलेले तास कुठलंतरी इन्स्पेक्शन खाऊन टाकतं.

पुण्यासारख्या पीस स्टेशनवर

समारंभ, पाहुणे, गाड्यांची सोय, कुणाच्या तरी कार्यक्रमाला अधिकारी पाठवणं यात लेफ्टनंटचे दिवस संपून जातात. मी महिन्यातले पंधरा दिवस ठरवून टाकले होते, त्या दिवसांत यंग ऑफिसरला प्लाटूनबाहेरचं काम नाही. वरून दबाव आला, तो मी झेलला.

पैशाकडे लक्ष ठेवा. नवा पगार, पुण्यातले रस्ते, मोठ्या गाडीचं कर्ज. चोवीस वर्षांच्या मुलाचा अर्धा पगार हप्त्यांत जाताना मी पाहिलाय. हा विषय ओरडून नाही, मोठ्या भावासारखा काढायचा. घरचं आजारपण, ठरलेलं किंवा मोडलेलं लग्न, झोप न लागणं, हे त्याने तुम्हाला सांगावं असं वाटत असेल तर सांगितल्यावर ते तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे.

आणि महिला अधिकारी. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, १७ जणी, ३० मे २०२५ ला पास झाली. ज्या युनिटमध्ये त्या येतील तिथल्या सीओंना एकच विनंती : त्यांना काळजीपोटी ऑफिसातलं काम देऊ नका. तीच प्लाटून, तीच रात्रीची वाटचाल, तीच मोकळीक, तोच जाब. राहण्याची सोय नीट करा, बाकी काही वेगळं नको.

पलटण सोडताना

जाण्याच्या आदल्या दिवशी मी ती वही फाडून जाळली. नव्या सीओने त्या मुलांकडे माझ्या डोळ्यांनी बघू नये म्हणून. हँडिंग-ओव्हरच्या वेळी मी त्यांच्याबद्दल फक्त एवढं सांगितलं : पुढचा कोर्स कुणाचा आहे, कुणाची आई आजारी आहे, आणि कुणाला सेटवरून मदत करायची नाही.